सगळं अंग दुखतं, पण विचारलं कुणी आणि कसं?

'पन्नास टक्के जेनेटिक.' अंगभर दुखत राहणाऱ्या आजारांबद्दल काहीही वाचायला घ्या, हा आकडा तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात भेटतोच. वेदनेवरच्या आपल्या भागानंतर आलेल्या प्रश्नांमध्येही सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न याच आकड्याचा होता: आईला फायब्रोमायॅल्जिया आहे, म्हणजे मला होण्याची शक्यता निम्मी का?

नाही. पण हे 'नाही' एका वाक्यात सांगून समाधान होत नाही, म्हणून मी गेले काही आठवडे या विषयावरचे मुख्य पेपर क्रमाने काढून वाचले. माझं काम मानवी जनुकशास्त्रात आहे, वेदनेत नाही. त्यामुळे हे वाचन थोडं शेजारच्या घरात डोकावून पाहिल्यासारखं आहे. शेजाऱ्याला आपल्या घरातला गळका नळ ऐकू येईनासा झालेला असतो, पाहुण्याला येतो, एवढाच त्याचा फायदा.

माझं मत आधीच सांगते. या संशोधनातलं जीनोम वाचण्याचं काम पक्कं आहे. आकडेमोडही गेल्या दहा वर्षांत फार सुधारली. कच्चं आहे ते त्याच्या कितीतरी आधीचं पाऊल: 'दुखणारा माणूस' कोण, हे ठरवण्यासाठी विचारलेला प्रश्न. लाखो लोकांचा डीएनए एका पारड्यात आणि दुसऱ्या पारड्यात एका चौकोनातली खूण, असा हा तराजू आहे.

पन्नास टक्क्यांपासून सुरू करू. या आकड्याचा एक मोठा आधार म्हणजे २००६ साली काटो आणि सहकाऱ्यांनी स्वीडनच्या जुळ्यांच्या नोंदवहीवर केलेला अभ्यास. जवळजवळ सोळा हजार जोड्या, टेलिफोनवर मुलाखती, आणि प्रश्न दीर्घकालीन सर्वांगदुखीचा. म्हणजे शरीराच्या दोन्ही बाजूंना, कमरेच्या वर आणि खाली, तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं दुखणं. तत्त्व साधं आहे. हुबेहूब जुळ्यांचा डीएनए जवळपास सारखाच असतो, साध्या जुळ्यांचा सरासरी निम्मा. एकाला दुखतं तेव्हा दुसऱ्यालाही दुखण्याचं प्रमाण हुबेहूब जुळ्यांत किती जास्त, यावरून आनुवंशिकतेचा वाटा काढायचा. उत्तर आलं ४८ ते ५४ टक्के.

आता हा वाटा कशाचा? एका माणसाच्या दुखण्याचा नव्हे. लोकांमध्ये जो फरक दिसतो, कुणाला दुखतं, कुणाला नाही, त्या फरकाचा. लेवॉन्टिन या जनुकशास्त्रज्ञाचं बियाण्याचं जुनं उदाहरण आपल्याकडच्या ज्वारीवर सांगते. एकाच पोत्यातल्या दोन मुठी घ्या. एक मूठ पाण्याखालच्या काळ्या रानात पेरा, दुसरी मुरमाड माळावर. काळ्या रानात सगळ्या ताटांना माती-पाणी सारखंच मिळतं, म्हणून तिथे उंची कमी-जास्त दिसली तर ती बियाण्यामुळे. माळावरही तेच. दोन्हीकडे आनुवंशिकता शंभर टक्क्यांच्या जवळ. पण काळ्या रानातली ज्वारी पुरुषभर आणि माळावरची गुडघ्याएवढी, हा फरक सगळाच्या सगळा मातीचा. स्वीडनच्या वयस्कर जुळ्यांमधले ४८ ते ५४ टक्के हे स्वीडनच्या रानातले आहेत. ते उचलून सोलापूरच्या विडी कामगार बाईला किंवा लंडनमध्ये दोन शिफ्ट करणाऱ्या नर्सला लावता येत नाहीत. पेपरवर हा आरोप नाही, पेपर तसं म्हणतही नाही. आरोप आहे तो त्याचा आकडा संदर्भ सोडून फिरवणाऱ्यांवर, आणि त्यात माझ्या व्यवसायातले लोक बरेच आहेत.

प्रश्न विचारणाऱ्यांना खरं तर उपयोगी पडला असता तो दुसरा अभ्यास, अर्नोल्ड आणि सहकाऱ्यांचा, २००४ चा. त्यांनी फायब्रोमायॅल्जियाच्या रुग्णांचे जवळचे नातेवाईक आणि संधिवाताभ आजाराच्या रुग्णांचे जवळचे नातेवाईक यांची तुलना केली. पहिल्या गटात फायब्रोमायॅल्जिया आढळण्याचं सापेक्ष प्रमाण दुसऱ्याच्या साडेआठपट होतं. ऐकायला मोठं वाटतं, आणि आहेही. पण मुळात कमी असलेल्या शक्यतेची साडेआठपट म्हणजे खात्री होत नाही. शिवाय घराण्यात चालत आलेली प्रत्येक गोष्ट रक्तातून येते असं थोडंच आहे? स्वयंपाकघर, झोपेच्या वेळा, पैशाची ओढाताण, घरातल्या दुखणाऱ्या माणसाकडे बघत वाढणं, हेही घराण्यातच चालतं. कुटुंबांचा अभ्यास या दोन धाग्यांची गाठ सोडवू शकत नाही. जुळ्यांचा सोडवतो, तोही एक गृहीतक धरून: हुबेहूब जुळ्यांना आणि साध्या जुळ्यांना मिळणारं वातावरण सारख्याच प्रमाणात सारखं असतं. एकाच रंगाचे फ्रॉक घालून वाढलेल्या बहिणी पाहिल्या असतील तर या गृहीतकाबद्दल तुमच्या मनात शंका येईलच. ती शंका आकडा कोसळवत नाही, पण त्याच्याकडे थोडं तिरकं बघायला शिकवते.

मग पुढचा प्रश्न: हा वाटा नेमका कुठल्या जीन्समध्ये आहे? इथे या क्षेत्राचा सर्वात उत्साहाचा आणि सर्वात निराशेचा काळ सुरू होतो.

उत्साहाला कारण होतं. २००६ साली केंब्रिजच्या गटाने उत्तर पाकिस्तानातल्या तीन कुटुंबांवरचा पेपर 'नेचर'मध्ये छापला. या अभ्यासाची सुरुवात दहा वर्षांच्या एका मुलापासून झाली. तो रस्त्यावर खेळ करून दाखवायचा, हातातून सुरी आरपार घालायचा, जळत्या निखाऱ्यांवरून चालायचा. त्याला दुखतच नव्हतं. चौदावा वाढदिवस यायच्या आत छपरावरून उडी मारून तो गेला. त्याच्या नात्यातल्या मुलांमध्ये एससीएन९ए या एकाच जीनमधला बिघाड सापडला. चेतापेशीतून वेदनेचा संदेश पुढे जाण्यासाठी सोडियमची जी दारं लागतात, त्यातलं एक दार या जीनमुळे बनतं. जीन बंद, दार बंद, वेदना बंद. इतकी स्वच्छ गोष्ट जनुकशास्त्रात क्वचित मिळते.

आणि तिथेच माझ्या मते एक वाईट सवय लागली. वेदना म्हणजे स्विच, आणि तो शोधायचा, ही कल्पना डोक्यात बसली. औषध कंपन्यांनी या दाराला बंद करणाऱ्या गोळ्यांवर वर्षानुवर्षं पैसा ओतला, हाती फारसं लागलं नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं सुझेट्रिजीन हे औषध शेजारच्या, दुसऱ्या सोडियम दारावर काम करतं, आणि त्याची मंजुरी तीव्र, थोड्या दिवसांच्या वेदनेपुरती आहे. शस्त्रक्रियेनंतरची वेदना आणि दहा वर्षं रोज सकाळी अंगावर ओझं घेऊन उठणं, या दोन गोष्टींना मराठीत आणि इंग्रजीत एकच शब्द आहे. शरीरात त्या एकच असतील असं नाही.

स्विचच्या शोधाचं दुसरं रूप म्हणजे 'उमेदवार जीन' पद्धत. संशोधकाने आधीच एक जीन निवडायचा, ज्याचं काम वेदनेशी जुळेलसं वाटतं, आणि पन्नास-शंभर रुग्ण व तेवढेच निरोगी लोक घेऊन त्यात फरक आहे का बघायचं. सेरोटोनिन वाहून नेणाऱ्या प्रथिनाचा जीन, डोपामिन-अॅड्रेनालिनची विल्हेवाट लावणारा सीओएमटी, हे लाडके उमेदवार होते. १९९९ पासून पुढची दहा-पंधरा वर्षं फायब्रोमायॅल्जियावर असे पेपर येत राहिले. एकात संबंध दिसायचा, पुढच्यात गायब व्हायचा, तिसऱ्यात उलटा दिसायचा. हे पेपर आज एकापाठोपाठ वाचताना हसू येत नाही, वाईट वाटतं. शेकडो बायकांनी रक्त दिलं, तासन्‌तास प्रश्नावल्या भरल्या, आणि सॅम्पलच इतकं छोटं की उत्तर मिळणं जवळजवळ अशक्यच होतं. नैराश्याच्या क्षेत्रात हाच खेळ जास्त मोठ्या प्रमाणावर चालला होता. २०१९ साली बॉर्डर आणि सहकाऱ्यांनी लाखो लोकांच्या डेटावर १८ लाडके उमेदवार तपासले, आणि ते कुठलेही इतर जीन उचलले असते त्यापेक्षा काही वेगळे निघाले नाहीत. वेदनेच्या क्षेत्राने इतका सरळ हिशोब कधी मांडला नाही. मांडायला हवा होता. अजूनही काही 'पेन डीएनए टेस्ट' विकणारे याच जुन्या उमेदवारांच्या जोरावर रिपोर्ट छापतात. असा रिपोर्ट कुणी घ्यावा की नाही असं मला विचारलंत तर मी म्हणेन, त्या पैशात फिजिओथेरपीची दोन सत्रं येतील.

त्यानंतर संपूर्ण जीनोम चाळायची पद्धत आली. आधी कुणालाच उमेदवारी द्यायची नाही, लाखो जागा एकाच वेळी तपासायच्या आणि कडक निकष लावायचा. २०१३ मध्ये पीटर्स आणि सहकाऱ्यांनी १,३०८ रुग्ण आणि ५,७९१ इतर लोक घेऊन सर्वांगदुखीवर असा अभ्यास केला, पाचव्या गुणसूत्रावर एक जागा सुचवली. सॅम्पल अजून लहानच होतं. खरी मजल मारली ती यूके बायोबँकेमुळे: ब्रिटनमधले पाच लाख लोक, वय ४० ते ६९, २००६ ते २०१० मध्ये नोंदवलेले.

आता त्या चौकोनाकडे येऊ, ज्याबद्दल मी वर बोलले. बायोबँकेच्या टचस्क्रीनवर विचारलं होतं की गेल्या महिन्याभरात यापैकी कुठल्या दुखण्यामुळे तुमच्या नेहमीच्या कामात अडथळा आला. पर्याय: डोकं, चेहरा, मान किंवा खांदा, पाठ, पोट, नितंब, गुडघा, आणि मग 'सगळ्या अंगात दुखणं'. हा शेवटचा पर्याय निवडला की बाकीचे निवडता येत नव्हते. त्यानंतर विचारायचे, तीन महिन्यांहून जास्त काळ आहे का?

एवढंच. या एका स्क्रीनवर गेल्या काही वर्षांतलं दीर्घकालीन वेदनेचं बरंचसं जनुकशास्त्र उभं आहे. ग्लासगो विद्यापीठाच्या जॉन्स्टन आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली किती ठिकाणी दुखतं हे मोजलं, शून्यापासून सातपर्यंत, सुमारे ३,८०,००० लोकांमध्ये. जीनोमवर ३९ जागा सापडल्या. काम नेटकं आहे आणि मला आवडलं. पण 'सगळ्या अंगात' म्हणणाऱ्यांना त्यांनी या मोजणीतून वगळलं, कारण त्यांचे ठिकाणांचे आकडेच नव्हते. म्हणजे ज्यांना सर्वात जास्त दुखतं असं आपण धरतो, तेच पट्टीवर बसले नाहीत. उलट २०२१ च्या रहमान आणि सहकाऱ्यांच्या पेपरात मुख्य भर अशा अंगभर दुखणाऱ्यांवरच होता: ६,९१४ रुग्ण, २,४२,९२९ इतर लोक, आणि तीन जागा. आरएनएफ१२३ जवळची एक, एटीपी२सी१ जवळची एक आणि तिसरी, गंमत म्हणजे, सीओएमटी जवळची. जुना उमेदवार मागच्या दाराने परत आला! त्यावर काहींनी 'बघा, आम्ही म्हणत होतो' असा सूर लावला. मला ते पटत नाही. बंद डोळ्यांनी मारलेला एखादा दगड आंब्याला लागला म्हणून नेम चांगला होता असं होत नाही.

आकड्यांमधली आणखी एक दरी बघा. जुळ्यांकडून आलेला वाटा पन्नासच्या आसपास. जॉन्स्टनच्या पेपरात नेहमी आढळणाऱ्या जनुकीय फरकांनी समजावलेला वाटा १०.२ टक्के. मोजलेली गोष्ट थोडी वेगळी आहे हे मान्य, पण उरलेलं कुठे गेलं? दुर्मिळ फरकांमध्ये थोडं असेल, जुळ्यांचा आकडा थोडा फुगलेला असेल. आणि थोडं, मला वाटतं बरंच, प्रश्नाच्या ढिसाळपणात विरघळलं असेल. 'सगळ्या अंगात' या एका खुणेखाली फायब्रोमायॅल्जिया असलेली बाई, नुकताच फ्लू झालेला पेन्शनर, थायरॉइडचं निदान न झालेला ड्रायव्हर आणि भावाच्या मृत्यूनंतर अंथरुणाला खिळलेला माणूस, सगळे एकाच रांगेत उभे राहतात. तीन महिन्यांची अट काहींना गाळते, सगळ्यांना नाही. त्यात बायोबँकेत आलेच कोण? बोलावलेल्यांपैकी साधारण साडेपाच टक्के, आणि तेही सरासरी ब्रिटिश माणसापेक्षा निरोगी आणि सुस्थितीतले. ज्यांचं दुखणं खरंच घराबाहेर पडू देत नाही ते केंद्रावर जाऊन टचस्क्रीन कशाला दाबतील?

या पार्श्वभूमीवर २०२५ मध्ये प्रीप्रिंट म्हणून आलेला फायब्रोमायॅल्जियाचा अभ्यास ही मोठीच झेप आहे. ११ गटांचा डेटा एकत्र केला, ५४,६२९ रुग्ण, पंचवीस लाखांवर इतर लोक, आणि २६ जागा. फायब्रोमायॅल्जियासाठी इतक्या भक्कम जागा याआधी कधी मिळाल्या नव्हत्या. जनुकीय वाटा कुठल्या ऊतींमध्ये एकवटला आहे हे तपासलं तर उत्तर एकच आलं: मेंदू आणि चेतापेशी. स्नायू नाही, सांधे नाहीत.

याचं महत्त्व कमी लेखू नका. या आजाराचा इतिहास म्हणजे 'तुमच्या डोक्यात आहे' असं ऐकत आलेल्या बायकांचा इतिहास आहे. १९९० च्या निकषांमध्ये डॉक्टर अंगावरच्या १८ ठरलेल्या बिंदूंवर सुमारे चार किलोच्या जोराने अंगठा दाबायचे, ११ ठिकाणी दुखलं तर निदान. त्या निकषांचे पहिले लेखक फ्रेडरिक वुल्फ स्वतःच पुढे या निदानाचे टीकाकार झाले. २०१० मध्ये अंगठा गेला, प्रश्नावली आली. २०१७ मध्ये वेदनेच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने नवी संज्ञा स्वीकारली, जिचा मथितार्थ असा की ऊतीला इजा नाही, चेतातंतू तुटलेला नाही, पण वेदना हाताळणारी यंत्रणाच बदलली आहे. नव्या अभ्यासाचे निकाल या चित्राशी जुळतात. 'डोक्यात आहे' हे वाक्य आता शब्दशः खरं ठरतंय, फक्त म्हणणाऱ्यांना अभिप्रेत होतं त्या अर्थाने नव्हे.

तरीही या पेपरातल्या तीन गोष्टींवर मी अडखळले.

सर्वात ठळक जागा सापडली ती एचटीटी जीनमध्ये. हंटिंग्टन रोगाचा जीन तो हाच. असं वाचलं की पोटात गोळा येणं साहजिक आहे. म्हणून स्पष्ट लिहिते: हंटिंग्टन रोग होतो तो या जीनमधल्या तीन अक्षरांचा तुकडा प्रमाणाबाहेर पुन्हा पुन्हा आल्यामुळे. इथे सापडलेला फरक लोकांमध्ये सर्रास आढळणारा आहे, आणि त्याने फायब्रोमायॅल्जियाची शक्यता बदलते ती किंचितच. तो तुमच्यात असला म्हणजे हंटिंग्टन होणार असं काही नाही. ठळक जागा म्हणजे खात्रीची जागा, मोठ्या परिणामाची नव्हे. बातम्यांमध्ये हा फरक नेहमीच हरवतो.

दुसरं, कंबरदुखी, आघातानंतरचा मानसिक तणाव आणि आतड्यांचा आयबीएस यांच्याशी फायब्रोमायॅल्जियाचा जनुकीय सहसंबंध ०.७ च्या वर आहे. यावरून 'मूळ एकच' असं म्हणायचा मोह होतो. पण असा सहसंबंध तीन-चार वाटांनी येऊ शकतो. एकाच जीनचे दोन परिणाम असतील. एका आजारामुळे दुसरा होत असेल. एका आजाराचं निदान झालेल्याला डॉक्टर दुसऱ्याचंही लेबल सहज लावत असतील. किंवा सारख्या अडचणींची माणसं एकमेकांशी लग्न करत असतील. यामुळेही हे आकडे फुगतात हे २०२२ मध्ये 'सायन्स'मधल्या एका अभ्यासाने दाखवलंय. शिवाय आणखी एक अस्वस्थ करणारी शक्यता: प्रश्नावलीत 'हो' म्हणण्याकडे कल असणं हाही एक स्वभाव आहे आणि त्यालाही थोडी आनुवंशिकता असणारच. ती सगळ्या यादीतून झिरपते.

तिसरी गोष्ट मला सर्वात महत्त्वाची वाटते, आणि लेखक ती नोंदवून पुढे जातात. फायब्रोमायॅल्जियाचं निदान बायकांमध्ये पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होतं. पण स्त्रियांची आणि पुरुषांची जनुकीय रचना तपासली तर ती जवळजवळ सारखीच निघाली. मग एवढा फरक येतो कुठून? हार्मोन्स असू शकतात, आयुष्यातले अनुभव असू शकतात. पण वुल्फ यांच्याच २०१८ च्या अभ्यासात दिसलं होतं की दवाखान्यातल्या निदानांमध्ये बायकांचं प्रमाण ९० टक्क्यांवर असतं, आणि तेच निकष सरसकट लोकसंख्येला, निदान आधी न बघता लावले तर ते ६० टक्क्यांच्या आसपास येतं. म्हणजे फरकाचा मोठा भाग दवाखान्याच्या दारात तयार होतो. कुणाला हे नाव दिलं जातं, कुणाला 'कंबरेचा मणका' म्हणून एमआरआयला पाठवलं जातं, कोण मुळात डॉक्टरकडे जातच नाही. तर मग ५४,६२९ हे फायब्रोमायॅल्जिया असलेले लोक आहेत, की फायब्रोमायॅल्जिया हे नाव मिळालेले लोक? अभ्यास दुसऱ्यांचा आहे, निष्कर्ष पहिल्यांबद्दल काढले जातात.

मेंदूच्या निष्कर्षालाही एक काटा आहे. २०२१ मध्ये गोबेल आणि सहकाऱ्यांनी फायब्रोमायॅल्जियाच्या रुग्णांच्या रक्तातली प्रतिपिंडं उंदरांना टोचली. उंदीर दाबाला आणि थंडीला जास्त संवेदनशील झाले. निरोगी लोकांच्या प्रतिपिंडांनी तसं झालं नाही. ती प्रतिपिंडं जाऊन बसली ती मेंदूत नव्हे, मणक्याच्या बाजूच्या चेतागाठींमध्ये. आता हे आणि 'फक्त मेंदू' एकत्र कसं बसवायचं? कदाचित या एका नावाखाली दोन-तीन आजार आहेत, आणि पंचवीस लाख लोकांची सरासरी काढताना लहान गट बुडून जातो. मोठं सॅम्पल गोंगाट कमी करतं, पण वेगवेगळे आवाज एकत्र मिसळून एकच सूर काढायचा दोषही त्याचाच. या क्षेत्रात 'अजून मोठं सॅम्पल' हाच प्रत्येक पेपरचा शेवट असतो. मला वाटतं आता दहा हजार माणसं, पण नीट विचारपूस केलेली, जास्त शिकवून जातील.

नीट विचारपूस म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगायला नको. आपल्याकडे ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी. ठसठस गळवाची, आग तळपायांची, कणकण तापाआधीची, गोळे पोटऱ्यांचे. अंग मोडून येतं, जड पडतं, आंबतं. आणि 'सगळं अंग दुखतंय' हे वाक्य आपण ताप आल्यावर म्हणतो, लग्नघरातली कामं उरकल्यावर म्हणतो, आणि कधी कधी ज्याबद्दल बोलता येत नाही अशा गोष्टीऐवजीही म्हणतो. रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये मॅकगिल प्रश्नावली बनवली तेव्हा वेदनेचे ७८ इंग्रजी शब्द वीस गटांत लावले होते. पन्नास वर्षांपूर्वी एवढी बारकाई होती, आणि जीनोमच्या जमान्यात आपण एका खुणेवर आलो.

ही नुसती भाषेची हौस नाही. २००२ मध्ये ग्रेटर मँचेस्टरमध्ये केलेल्या एका पाहणीत भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी आणि कॅरिबियन मूळ असलेल्या लोकांनी गोऱ्या शेजाऱ्यांपेक्षा अंगभर पसरलेल्या दुखण्याची तक्रार जास्त केली. कारणं काय? जीन्स असू शकतात. ड जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. ब्रिटनमधल्या आशियाई लोकांमध्ये हाडं मऊ पडण्याचा आजार ग्लासगोच्या डॉक्टरांनी १९६० च्या दशकातच नोंदवला होता. पडेल ते काम, थंडी, एकटेपणही असू शकतं. आणि प्रश्न ज्या भाषेत, ज्या तऱ्हेने पोचला तेही. 'जीन्स' हे उत्तर यातलं सर्वात सोयीचं, कारण ते दिलं की घरमालकाला, मालकाला आणि आरोग्यखात्याला काही करायला लागत नाही.

आणि जीन्सबद्दल बोलायचं तर डेटा आहे कुठे? २०१९ च्या मार्टिन आणि सहकाऱ्यांच्या हिशोबानुसार अशा अभ्यासांमधले ७९ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते, आणि त्यांच्यावर बेतलेले जनुकीय गुणांक दक्षिण आशियाई लोकांना लावले की अचूकता ३७ टक्क्यांनी घसरते. म्हणून कुणी तुमच्या थुंकीच्या नमुन्यावरून वेदनेची 'रिस्क' काढून दिली, तर ती तुमची कमी आणि एखाद्या इंग्रज पेन्शनरची जास्त असते.

भारतातल्या डेटाचा दुष्काळ आहे असं म्हणतानाही मी जरा थांबते. प्रश्न विचारण्याच्या बाबतीत उलट परिस्थिती आहे. १९९६ मध्ये पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या गटाने पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भिगवणमध्ये घरोघर जाऊन सांधे-स्नायूंच्या दुखण्याची पाहणी केली. प्रौढांपैकी जवळजवळ १८ टक्के लोकांना असा त्रास होता. पाहणी दारात उभं राहून, माणसाशी बोलून झाली, आणि दुखतं म्हणणाऱ्याला पुढे डॉक्टरांनी तपासलं. बायोबँकेच्या टचस्क्रीनशेजारी ही पद्धत ठेवून बघा. भिगवणला जीनोम नव्हता, बायोबँकेला दारातला माणूस नव्हता. आता भारतात जीनोमइंडिया प्रकल्पाने दहा हजारांच्या आसपास लोकांचे जीनोम वाचले आहेत. हे दोन्ही एकाच अभ्यासात आणायला खर्च फारसा नाही, वेळ मात्र लागेल. कुणाला तरी उन्हातान्हात दारोदार जाऊन विचारावं लागेल, नेमकं कुठं दुखतं, कसं दुखतं, कधीपासून, आणि दुखतं म्हटल्यावर घरातले काय म्हणतात.